एक ठोका म्हणजे थांब

सेल्समनने ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडले, “बसा काका, बसून तर बघा,” म्हणाला आणि अदबीने बाजूला झाला. मिस्त्रींनी आत डोकावूनही पाहिले नाही. गाडीला वळसा घालून ते सरळ मागे गेले, गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले आणि मागच्या हुकाला धरून दोनदा हिसका दिला.

“काका, स्टिअरिंग पुढं आहे.”

“असू दे. ते माझं खातं नाही.”

म्हातारा गमत्या दिसतो, असे वाटून सेल्समन हसला. मिस्त्री मात्र खरे तेच सांगत होते. उभ्या आयुष्यात कामावर त्यांनी पिकअप पाहिली ती मागून. बोअरमधले बिघडलेले पंप वर काढायचे आणि दुरुस्त करून पुन्हा खाली सोडायचे, हा त्यांचा धंदा. बोअरच्या तोंडावर लोखंडाची तीन पायांची घोडी उभी करायची, तिच्या कप्पीवरून दोर घ्यायचा, दोराचे एक टोक आतल्या पाइपला बांधायचे आणि दुसरे गाडीच्या हुकाला. गाडी पुढे सरकली की पाइप वर येतो. पाइपपाशी मिस्त्री असत आणि स्टिअरिंगवर त्यांची बायको.

लोक तिला ड्रायव्हरीणबाई म्हणत. लग्न झाले तेव्हा तिला सायकलसुद्धा येत नव्हती. पण पहिल्या गाडीवर ठेवलेला ड्रायव्हर दिवसाआड दांडी मारू लागला, तेव्हा एका सकाळी “त्यात काय एवढं” म्हणत ती चढून बसली, ती पुन्हा उतरलीच नाही. इंजिन कुठे कण्हते, ओझे कुठे अडते, हे तिला पायाच्या तळव्याला कळे. मागे काय चालले आहे ते मात्र तिला दिसत नसे आणि डिझेलच्या घरघरीत हाकही पोचत नसे. म्हणून मिस्त्री हातातला पान्हा पाइपवर ठोकत. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. तीन म्हणजे मागे ये. लोखंडाचा तो आवाज खणखणीत जाई आणि गाडी जागच्या जागी उभी राही. दोघेही तशी कमी बोलणारी. संसारात तोंडाने जेवढे बोलणे झाले असेल, त्याहून जास्त या ठोक्यांनी झाले. कधी मिस्त्रींचे डोके तापलेले असले आणि ठोका जोरात पडला, की खिडकीतून मान बाहेर यायची. “अहो, हळू! बहिरी नाही झाले अजून!”

मागच्या वर्षी ती गेली. तापाचे निमित्त झाले आणि बघता बघता सगळे आटोपले.

गल्लीतल्यांना आणि नातेवाइकांना हे माहीत होते, तिथे इलाज नव्हता. पण कामाच्या जागी कुणी “बाई कुठं आहेत?” असे विचारले की मिस्त्री म्हणत, “आज नाही आली.” यात खोटे काही नव्हते. ती आज आलेली नसे, हे खरेच होते. आणि एकदा असे म्हटले की दिवसभर कामाला हात चाले, हेही त्यांच्या लक्षात आले होते.

तिची गाडी गेंडा कंपनीची होती. बॉनेटवर गेंड्याचे चित्र, म्हणून सगळे गाडीला गेंडाच म्हणत. आता तिचा गिअरबॉक्स बसला होता आणि गॅरेजवाल्याने हात टेकले होते. “मिस्त्री, हिला आता सुखानं जाऊ द्या,” तो म्हणाला होता. नवी गाडी घेणे भाग होते. घ्यायची तर अवजड ओढणारी, डिझेलवर चालणारी, आणि तशा गाड्या करणाऱ्या कंपन्या दोनच, गेंडा आणि ससाणा. त्यांची शोरूमही रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर होती, दोन सवतींसारखी. बायकोला ससाण्याचे नावही खपत नसे. “ती होय? नुसती नटवी! चिखलात घातली की रडेल,” असे ती म्हणायची.

मुलाचे म्हणणे वेगळे होते. तो दूरच्या शहरात नोकरीला होता आणि आठवड्याला फोन करायचा. “बाबा, ससाणाच घ्या,” त्याने सांगितले होते. “तिला मागं दोर गुंडाळणारी मोटर असते. रिमोट हातात धरायचा, बटण दाबायचं, पाइप वर. ड्रायव्हर नको, कुणी नको. तुम्हाला कुणाची गरजच लागणार नाही.”

पोराने मायेने सांगितले होते. पण ते शेवटचे वाक्य मिस्त्रींच्या घशात काट्यासारखे अडकून बसले होते.

मुलाचे चूक होते असेही नाही. वर्षभरात मिस्त्रींनी तीन ड्रायव्हर ठेवून पाहिले. प्रत्येकाला ठोके समजावून सांगितले आणि प्रत्येकाने नंदीबैलासारखी मान डोलावली. तिसरा तर नर्सरीच्या बोअरवर कानात गाणी घालून बसला. मिस्त्री ठोकत राहिले, तो ओढत राहिला, पाइप तुटला आणि पंप तळाला गेला. गळ टाकून तो वर काढता काढता मिस्त्रींच्या नाकी नऊ आले. नर्सरीची मालकीण भली बाई, एका शब्दाने बोलली नाही. उलट निघताना तिने गुलाबाचे एक रोप हातात ठेवले. “ड्रायव्हरीणबाईंना द्या. मागच्या खेपेला त्यांनी हाच रंग मागितला होता. त्या का नाही आल्या?”

“आज नाही आली,” मिस्त्री म्हणाले आणि रोप घेऊन घरी आले.

तर आता गाठ अशी पडली होती. गेंडा घेतला तर स्टिअरिंगवर कुणीतरी लागणार होते. ससाणा घेतली तर कुणीच लागणार नव्हते. धंद्याच्या हिशेबाने ससाणाच बरी, हे मिस्त्रींना लख्ख दिसत होते. तरी त्यांचे पाय आधी गेंड्याच्या शोरूमकडे वळले. गेंड्यात ती सीट रिकामी राहिली असती तरी कुणाची तरी जागा म्हणून राहिली असती. ससाण्यात ती नुसती सीट झाली असती.

“काका, कुठं हरवलात?” सेल्समनने विचारले.

“एक काम करा,” मिस्त्री हुकापासून उठत म्हणाले. “गाडी बाहेर अंगणात घ्या. तुम्ही आत बसा, इंजिन चालू ठेवा. मी आवाज दिला की पुढं घ्या.”

आवाज कसला, ते त्यांनी सांगितले नाही. का सांगितले नाही, हे त्यांना नंतरही नीट उमगले नाही. गाडी बायकोच्या गाडीच्याच कंपनीची आहे, तेव्हा काहीतरी आपोआप जुळेल, अशी एक वेडी आशा मनात होती खरी. सेल्समनने गाडी बाहेर काढली आणि तो काच वर करून बसून राहिला. मिस्त्री दिव्याच्या लोखंडी खांबाजवळ उभे राहिले, खिशातून पान्हा काढला आणि खांबावर दोन ठोके दिले.

गाडी हलली नाही.

त्यांनी पुन्हा दोन ठोके दिले. पलीकडच्या टपरीवर चहा पिणारे दोघे वळून बघू लागले. गाडीची काच खाली सरकली आणि सेल्समनचे डोके बाहेर आले.

“काय झालं काका? काही पडलं का?”

“नाही,” मिस्त्री म्हणाले. “काही नाही पडलं.”

सेल्समन धावत उतरला. पोरगा गुणी होता. त्याने मिस्त्रींचा चेहरा पाहिला, एक खुर्ची आणली, पाणी आणले. “काका, घाई नाही काही. काकूंना पण घेऊन या एकदा. घरच्यांनी बसून बघितलेलं बरं असतं.”

“आज नाही आली,” मिस्त्री म्हणाले. पाणी पिऊन त्यांनी पेला सांभाळून परत दिला आणि ते निघाले.

रस्ता ओलांडताना त्यांना चोरी करायला निघाल्यासारखे वाटत होते. मध्यावर थांबून त्यांनी एकदा मागे वळूनही पाहिले. ससाण्याच्या शोरूममधली मुलगी चुणचुणीत होती. तिने सीटचे, रंगाचे कौतुक सांगण्यात वेळ घालवला नाही, सरळ रिमोट हातात ठेवला. हिरवे बटण म्हणजे वर, पिवळे म्हणजे खाली, लाल म्हणजे थांब. मिस्त्रींनी हिरवे दाबले, रिकामा हुक वर चढू लागला. लाल दाबले, हुक जिथल्या तिथे थांबला. त्यांनी पुन्हा दाबून पाहिले. नाव ठेवायला जागा नव्हती.

“एकटा माणूस सगळं करू शकतो,” मुलगी अभिमानाने म्हणाली.

“हो,” मिस्त्री म्हणाले. “हीच द्या.”

गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी तिने विचारले, “काका, सीट तुमच्या मापानं करून देऊ?” मिस्त्री गोंधळले. गेंड्याची सीट बायकोच्या मापाने पार पुढे ओढलेली होती. ती गेल्यावर कामावर जायला-यायला मिस्त्रीच गाडी चालवत, आणि गुडघे स्टिअरिंगला घासत तसेच चालवत. सीट मागे सरकत नव्हती असे नाही. त्यांनीच ती सरकवली नव्हती, ड्रायव्हरांनाही सरकवू दिली नव्हती. आता मुलीने खालचा दांडा ओढला, सीट मागे गेली आणि वर्षभराने मिस्त्रींचे पाय लांब झाले. एवढे बरे वाटले की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

नव्या गाडीचे पहिले काम नर्सरीतलेच निघाले. बोअरमधून गढूळ पाणी येत होते, पंप वर काढून बघावा लागणार होता. मिस्त्रींनी घोडी उभी केली, गाडी बोअरला लागून लावली, दोर कप्पीवरून घेतला आणि रिमोट दोरीने गळ्यात अडकवला. मालकीण कुंड्यांच्या रांगेत माती भरत होती. नवी गाडी पाहून ती हात झटकत जवळ आली.

“अरे वा, झोकात आहे की गाडी! बाई खूश असतील.”

मिस्त्री नुसते हसले आणि त्यांनी हिरवे बटण दाबले.

पहिला पाइप वर आला. लाल बटण, मग खालच्या पाइपला पकड लावायची, पाइप खोलून बाजूला ठेवायचा, दोर पुढच्याला बांधायचा. दुसरा आला, तिसरा आला. एकदाही झटका नाही, धक्का नाही. एवढे सुरळीत काम मिस्त्रींनी गेल्या वर्षात केले नव्हते. ऊन कोवळे होते, ओल्या मातीचा वास येत होता, मालकीण रोपांविषयी काहीबाही सांगत होती. मिस्त्रींचे हात आपल्या आपण चालू लागले, पूर्वी चालायचे तसे. डोक्यात काही नव्हते. चौथा पाइप हवा तेवढा वर आला, तेव्हा त्यांनी पान्हा उचलला आणि पाइपवर एक ठोका दिला.

पाइप थांबला नाही.

त्यांनी पुन्हा ठोका दिला, जरा जोरात. पाइप वर चाललाच होता. त्याचे टोक कप्पीला भिडले, दोर कुरकुरला आणि घोडीचा एक पाय मातीतून उचलला गेला. मिस्त्रींनी पान्हा दोन्ही हातांनी धरून हाणला आणि गाडीकडे बघून जिवाच्या आकांताने ओरडले, “अगं, थांब! थांब ना!”

मालकिणीच्या हातातली कुंडी खाली पडून फुटली. त्या आवाजाने मिस्त्री भानावर आले. गळ्यातला रिमोट चाचपडून त्यांनी लाल बटण दाबले. मोटर तात्काळ थांबली. घोडीचा पाय तसाच जमिनीपासून वीतभर वर राहिला. काही मोडले नव्हते.

मालकीण हळूहळू गाडीच्या पुढच्या बाजूला गेली. काच बंद होती. सीट मागे सरकवलेली होती आणि तिच्यावर कुणी नव्हते. ती परत आली.

“मिस्त्री, कुणाला थांबवत होता?”

उत्तर ओठांवर तयार होते. वर्षभर घासून गुळगुळीत झालेले. मिस्त्रींनी तोंड उघडले, “आज नाही” एवढे म्हटले आणि पुढचा शब्द येईना. 

“ती गेली, बाई. मागच्या वर्षीच गेली. तुम्ही रोप दिलंत तेव्हा पण नव्हती. मी सांगितलं नाही तुम्हाला. कामावर कुणालाच सांगितलं नाही.”

मालकीण खाली बसून फुटक्या कुंडीचे तुकडे गोळा करू लागली. वर न बघता तिने विचारले, “मग ते रोप?”

“लावलंय दारात. दोनदा फुललं.”

“छान झालं,” ती म्हणाली आणि तुकडे ओंजळीत घेऊन कुंड्यांच्या रांगेकडे निघून गेली. जाताना तिने खांद्यालाच डोळे पुसले, ते मिस्त्रींनी पाहिले.

पिवळे बटण दाबून त्यांनी पाइप हातभर खाली घेतला. घोडीचा पाय पुन्हा मातीत नीट रोवला, दोर तपासला, पकड लावली आणि तो पाइप खोलून बाजूला ठेवला. पाचव्याला दोर बांधला. सवयीने त्यांची मूठ वर उठली. तशी ती घटकाभर हवेतच राहिली.

मग त्यांनी पान्हा खाली गवतावर ठेवला, रिमोट हातात घेतला आणि हिरवे बटण दाबले. पाइप गुपचूप वर येऊ लागला. तो पुरता वर येईपर्यंत मिस्त्रींनी गाडीकडे पाहिले नाही.