गुणवंताचं गवत

तिगाव स्टेशनापलीकडच्या आमच्या गावाचं कुरण मी राखतो. हा गावाने दिलेला मान आहे, पगार नाही. म्हणून तोरा जरा जास्तच. तीन पावसाळ्यांपूर्वी माझ्या संत्र्याच्या बागेतून उरलेला युरिया मी कुरणात फेकला. झाडाला चालतं ते गवताला का चालू नये? गवत कमरेपर्यंत गेलं. लोक म्हणाले, "गुणवंताचं गवत पाहा!" माझी छाती फुगली आणि मी दरवर्षी गुपचूप पोती रिकामी करू लागलो.

यंदा आषाढ सरला तरी कुरणात हिरवं म्हणून होता तो फक्त तरोटा. त्याला जनावर तोंड लावत नाही. गावाने ठरवलं, हिरामणच्या बकऱ्यांनी कोंब खुडले. हिरामणला शेत नाही, बकऱ्यांवरच त्याचं घर चालतं. आजच्या सभेत बकऱ्यांना कुरणबंदी होणार होती. बिचाऱ्याने सौंसरच्या बाजारासाठी टेम्पोही सांगून ठेवला होता.

सभेआधी मी कुरणात गेलो. पांढुर्ण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी तृप्ती तिथे माती उकरत बसली होती. सरपंचांनीच तिला बोलावलं होतं.

"काका, हे पाहा." तिने जुन्या गवताचा कुजका थर उचलला. "गवत इतकं माजलं का खाली पडलेल्या बियांले ऊनच भेटलं नाही. जुन्या ठोंबांले नवे फुटवे नाही. अन् खतावर तरोटा फोफावला. तिकडं धुऱ्याजवळ, त्या बांधापाशी, बकऱ्या जास्त चरतात, तरी तिथं गवत निघून राहिलं. इथं कोणीतरी युरिया टाकून राहिलं."

"कोन टाकन?" मी विचारलं.

"तुम्ही राखणदार ना, काका?"

मी सभेकडे चालू लागलो.

सभेत सरपंच म्हणाले, "बकऱ्या बंद. कोनाले काही बोलाचं हाय?" बाहेर हिरामण शेवटची गाभण बकरी टेम्पोत ओढत होता आणि ती चारही पाय रोवून उभी होती. तृप्ती दारातून माझ्याकडेच पाहत होती. मला तिचाच राग आला. बोलायचं तर बोलून टाक ना! चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि चोर पहिल्या रांगेत बसला होता. टेम्पो सुरू झाला.

"थांबवा!" मी ओरडलो. "बकऱ्याईनं नाई, म्या केलं. युरिया म्या टाकला. तीन वर्सं."

"राखणदार म्हने!" मागून कोणीतरी हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हिरामण आत आला. वाटलं, आता हा मारतो. त्याने एवढंच विचारलं, "गवत कवा येईन?"

"खत बंद केलं, हा थर काढला, बी टाकलं, तरी चार-पाच वर्सं लागतीन," तृप्ती म्हणाली.

"मंग तवर माह्या बकऱ्या काय खातीन, गुणवंताभाऊ?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मला द्यायचं नव्हतं. शेवटी मी खिशातून बागेच्या फाटकाची किल्ली काढली आणि त्याच्या हातात ठेवली.

दुपारी टेम्पो माझ्या बागेत रिकामा झाला. माझी बायको मालती धावत आली. "अवो, संत्र्याचे कोवळे शेंडे खाऊन राहिल्या ना!"

"खाऊ दे," मी म्हणालो.