टिटवीचा मधला दांडा

विमान बघून परत जाणारं गिऱ्हाईक सांगलीच्या सुमंत लिमयेला आता लांबूनच ओळखता यायचं. गाडीतून उतरायचं, विमानाभोवती एक चक्कर मारायची, पंखावर टिचकी वाजवायची, चहा प्यायचा आणि "बघू की दिवाळीनंतर" म्हणत निघून जायचं.

विमानाचं नाव टिटवी. दोन माणसांचं, नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेलं. सुमंतनं ते कागदावर काढलं आणि लष्करातून निवृत्त झालेल्या सुभेदार उदयसिंह मोहित्यांनी इस्लामपूरजवळच्या एका बंद गुऱ्हाळाच्या शेडमध्ये उभं केलं. वडिलांचा फवारणी पंपांचा चालता धंदा सोडून सुमंत यात पडला होता. परवाना मिळाला होता, टिटवी उडायचीही झकास. फक्त खपत नव्हती.

शहाण्णवच्या हिवाळ्यात रहिमतपूरकडचे लालासाहेब आले. ऊसवाले बागाईतदार, अंगानं दणकट म्हणण्याच्याही पुढचे. लोणंदच्या साडूनं परदेशी मोटार घेतल्यापासून त्यांचं जमिनीवरच्या वाहनांवरून मनच उडालं होतं. बरोबर पत्नी बनुबाई होत्या. त्यांनी होय म्हटल्याशिवाय लालासाहेब साधी बैलजोडीसुद्धा घेत नसत.

टिटवीचं तिसरं चाक शेपटाखाली असल्यामुळं ती नाक वर करून बसलेली असायची. बनुबाईंनी तिला नीट न्याहाळलं.

"ह्यात पाय कुठनं टाकायचा?"

सुमंतनं स्वतः चढून दाखवलं. पंखाखालच्या तिरक्या नळीवर एक पाय, मग कमरेत वाकून दुसरा पाय आत, मग अंग वळवून खाली बसायचं. 

"तुमी पँटीत हाय," बनुबाई म्हणाल्या.

सुमंत खाली उतरला. त्यानं वाऱ्याचा विचार केला होता, वजनाचा केला होता, नऊवारीचा कधीच केला नव्हता. शेवटी उदयसिंहांनी ट्रॅक्टरची ट्रॉली विमानाला चिकटवून लावली आणि बनुबाई ट्रॉलीतून माडीवर जावं तशा आत गेल्या. बसल्या तर दोन गुडघ्यांच्या मधोमध दांडा.

"ह्यो कशाला इथं?"

"त्यानंच विमान चालतं, वहिनीसाहेब. दोघांना एकेक आहे."

"मला न्हाई चालवायचं. माझा काढा."

तो काढता येत नाही म्हटल्यावर त्यांनी दांड्यावर पदर टाकून तो नजरेआड केला. लालासाहेबांनी ब्लडप्रेशरचं कारण सांगून खालीच थांबायचं ठरवलं.

उदयसिंह चालवायला शेजारी बसले. टिटवी छान उडाली, उसाच्या शेतांवरून वळली, आणि मग भर आकाशात मान हलवायला लागली. वर, खाली, वर, खाली. सुमंत खालून दोन्ही हात हलवत पळत सुटला. लालासाहेब मात्र खूश होऊन टाळ्या वाजवत होते. 

"लय भारी. ही कसरत सगळ्यांनाच दावता का?"

कशीबशी टिटवी उतरली. उदयसिंहांच्या सदऱ्याची कॉलर उसवून बनुबाईंच्या मुठीत आली होती. उदयसिंहांनी सुमंतला शेडमागं नेलं.

"सुमंतराव, बाई भ्याली आन् दांडा धरला. एष्टीत वरची दांडी धरत्यात, तसा. म्या म्हनलं, सोडा. तर म्हंती, मग धरू कशाला? शेवटी म्हनलं, मला धरा. त्यांनी मला धरलं."

बनुबाईंचा निकाल मात्र वेगळाच होता. त्यांना वरून सगळा तालुका एका नजरेत दिसला होता आणि तो त्यांना फार आवडला होता. "पायरी करा, दार मोठं करा, दांडा हलवा आन् धरायला कडी लावा. मग बघू," असं सांगून त्या गेल्या.

सुमंत भडकला. "विमान म्हणजे काय शिटा भरून नेणारी वडापची जीप आहे, कडी लावायला?"

"वडाप खपतंय," उदयसिंह कॉलर चाचपत म्हणाले. "आपलं खपत न्हाई."

दोन दिवस सुमंतनं कडीचं नावही काढू दिलं नाही. मग पेन्सिल घेऊन बसला. दोन दांड्यांऐवजी दोन्ही सीटच्या मध्ये एकच ठेवला. शेपटाचं चाक काढून नाकाखाली आणलं, तशी टिटवी जमिनीवर सरळ उभी राहिली आणि दारही गुडघ्याच्या उंचीवर आलं. ते मोठं केलं, खाली पायरी बसवली. एक दांडा आणि त्याच्या तारा वाचल्यानं वजन घटलं. नव्या चाकानं त्यातलं बरंचसं परत खाल्लं, तरी सुमंत मनातून सुखावला होता. कडी त्यानं सगळ्यात शेवटी लावली, तीही तोंड वाकडं करून. उदयसिंहांनी ओढून बघितली, ती हातात आली. दुसरी लावली.

उन्हाळ्यात मंडळी परत आली. बनुबाई पायरीवर पाय ठेवून घरच्या ओट्यावर बसावं तशा आत बसल्या. टिटवी उडाली ती ताठ मानेनं. 

ते बघून लालासाहेबांना ब्लडप्रेशरचा विसर पडला. ते उजव्या सीटवर बसले, म्हणजे बरेचसे बसले. त्यांची डावी मांडी मधल्या दांड्याला येऊन भिडली. उदयसिंहांनी दांडा हलवून पाहिला. डावीकडं जात होता, उजवीकडं अजिबात नाही.

"सायेब, डावीकडंच वळंल हे. गोल गोल फिरून हितंच उतरू."

सुमंत हिशेबाला लागला. बैठक रुंद करायची तर सगळा सांगाडा बदलायचा, विमान जड होणार, मग इंजिन मोठं. एका मांडीसाठी एवढं करायचं? पण पहिलंच गिऱ्हाईक, नाही कसं म्हणायचं? तो तोंड उघडणार इतक्यात बनुबाई बोलल्या.

"त्यांच्यासाठी काय बदलू नगा. त्यांना जीप हाय."

लालासाहेबांनी बायकोकडं पाहिलं, जीपकडं पाहिलं आणि मान डोलावली. तेवढ्यावर सौदा ठरला. 

पुढं बनुबाई उदयसिंहांकडं उडायला शिकल्या. दर शनिवारी त्या वरून जायच्या आणि लालासाहेब खालून जीप हाणत, चौकाचौकात थांबून वर बोट दाखवत, लोकांना विमान कुणाचं ते सांगायचे. साडू म्हणे लोणंदला घरातून बाहेरच पडेना.

आणि एका सकाळी इस्लामपूरच्या तानुबाई, बनुबाईंच्या विहीणबाई, शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी चक्कर मारली नाही, टिचकी वाजवली नाही. थेट आत जाऊन बसल्या, कडी धरली, समोर पाहिलं.

"ह्यात आरसा न्हाई व्हय?"

विमानाला आरसा कशाला, हे सुमंतनं विचारलंच नाही. त्यानं खिशातून टेप काढला आणि विचारलं, "केवढा हवा?"