सायकलचं पुढचं चाक

नवी कॉमिक्स दर बुधवारी येतात. अमेरिकेतल्या एरी शहरात माझं कॉमिक्सचं दुकान आहे, तिथे गल्ल्यामागे एक लाकडी कपाट आहे, त्यात नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या नावाची पाकिटं उभी लावलेली असतात. ज्याचं जे ठरलेलं, ते मी आधीच त्याच्या पाकिटात घालून ठेवतो. जीन रुटकोव्स्कीचं पाकीट तिथे सत्तावीस वर्षं होतं. इंजिनांच्या कारखान्यातून सुटला की तो थेट यायचा, हात पँटला पुसायचा आणि मगच पाकिटाला लावायचा.

जानेवारीत जीन गेला. मी त्याचं पाकीट काढलं नाही. दर आठवड्याला त्यात त्याचे अंक घालत राहिलो. कुणी विचारलं की म्हणायचो, "राहू दे." मग लोक माझ्याकडे अशा नजरेने बघायचे की लेस, म्हणजे मी, अगदी देवमाणूस. मला ते आवडायचं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायचंय ते देवमाणसाचं काम नाही.

मार्चमध्ये जीनच्या बायकोचा, व्हर्नाचा फोन आला. "लेस, ती खोकी घेऊन जा बाबा. मला तळघरात उतरवत नाही आणि ती वर येत नाहीत."

चौदा खोकी होती. तळघर कोरडं होतं, खोकी फळीवर ठेवलेली, प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत, मागे पुठ्ठा, वर चिकटपट्टी. व्हर्ना वर जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसली आणि तिथून माझ्याशी बोलत राहिली.

एखाद्याचा संग्रह विकत घेताना डोळ्यांपेक्षा बोटांना शिकवावं लागतं. पत्ते पिसावेत तसे अंक पुढे ढकलत जायचं, एकाच वेगाने. बोटं थांबली की विकणाऱ्याचं लक्ष जातं, आणि लक्ष गेलं की भाव गेला. चांगला माल दिसला तर तो तसाच मागे टाकायचा आणि दोन अंकांनंतर एखादा फालतू अंक उचलून म्हणायचं, "अरे वा, हा लहानपणी होता माझ्याकडे!" तीस वर्षं मी हे करतोय. याला लबाडी म्हणतात असं मला कधी वाटलं नाही. मी याला धंदा म्हणत आलो.

सहाव्या खोक्यात तो दिसला. 'ट्वेल्व्ह सेंट थ्रिल्स', एकतिसावा अंक, एकोणीसशे बासष्ट. मुखपृष्ठावर एक बावळट दिसणारा ऑक्टोपस जहाज गिळतोय. कुणीही दहा डॉलरला देऊन टाकेल असा अंक. पण शेवटच्या सहा पानांत, त्या ऑक्टोपसशी काही संबंध नसताना, आयर्न हेरन हा नायक पहिल्यांदा येतो. पुढे तो इतका मोठा होईल हे छापणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं, म्हणून मुखपृष्ठावर त्याचं नाव नाही. ते माहीत असणारी माणसं थोडी आहेत. जीनच्या अंकाचे कोपरे धारदार होते, रंग ताजे होते, घडीला एक सुरकुती नाही. साठ हजार डॉलरचा अंक होता.

माझी बोटं थांबली नाहीत. तीन अंक पुढे गेलो आणि एक जंगलातल्या माकडांचा अंक उचलून हसलो. "व्हर्ना, ही माकडं बघा!"

"जीनला आवडायची ती," ती वरून म्हणाली. मग जरा थांबून, "त्यात काही खास आहे का रे? जीन म्हणायचा, लेसला विचार, तो सांगेल."

"चांगला संग्रह आहे," मी म्हणालो. "खास असं नाही. वाचायला घेतलेली कॉमिक्स आहेत."

इतकं सहज गेलं तोंडातून.

खोकी गाडीत चढवून आलो तेव्हा वर स्वयंपाकघरात तिने कॉफी दिली आणि गरम पेपरोनी बॉल्स, आत मसालेदार मांसाचे काप भरलेले पावाचे गोळे. भावाचं बोलणं निघालं तेव्हा ती म्हणाली, "तू म्हणशील तो. जीनने तसंच सांगून ठेवलंय." मी अठराशे डॉलर म्हणालो. तिने मान हलवली, आणि मग एकच गोष्ट मागितली.

खिडकीशेजारी भिंतीवर एक लहानशी चौकट होती. त्यात कॉमिकमधून कापलेलं एक चित्र, पोस्टाच्या दोन तिकिटांएवढं. बसच्या खिडकीतून लाल केसांची मुलगी हात हलवतेय.

"मी पंधरा वर्षांची होते तेव्हा जीनने दिलं हे. माझे केस तेव्हा असे होते," ती म्हणाली. "म्हणाला, माझ्याकडचा सगळ्यात आवडता अंक आहे, त्यातून कापलंय. घरी जाऊन रडला म्हणे मेला. त्या खोक्यांत कुठेतरी भोक पडलेला एक अंक असेल बघ. एकदा कशीबशी उतरून मी शोधायला बसले होते, पण त्या चिकटपट्ट्या, आणि माझे हे डोळे! सापडला तर तेवढा मला दे. बाकी सगळं तुझं."

"नक्की," मी म्हणालो. त्या चौकटीकडे मी दुसऱ्याच्या नातवंडांच्या फोटोकडे बघावं तसं बघितलं. माझं सगळं चित्त गाडीतल्या सहाव्या खोक्यात होतं.

आमच्या धंद्यात पहिला धडा असा, की अंक उघडून बघितल्याशिवाय बोलायचं नाही. त्या काळी पोरं कात्री घेऊन बसायची. कुपन कापायची, चित्रं कापायची, मधलं पान गायब करायची. पण उघडायचा म्हणजे पिशवीतून काढायचा, आणि काढायचा म्हणजे थांबायचं. व्हर्नासमोर मला थांबायचं नव्हतं.

दुकानात येऊन, हात धुऊन, मी तो उघडला. शेवटून चौथ्या पानावर नीट चौकोनी भोक होतं. दोन तिकिटांएवढं.

सुरुवातीला हसू आलं. चांगली खोड मोडली, लेस, साठ हजार चोरायला गेलास आणि हाती भोक आलं. मग मी हिशेब केला, कारण मी हिशेब करणारा माणूस आहे. भोकासकटसुद्धा हा अंक नऊ हजारांना जाईल. क्लीव्हलंडला जुनी कॉमिक्स घेणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना फोन केला. ते म्हणाले, मंगळवारी या, पैसे तयार ठेवतो.

दुकान बुडायला आलं होतं, बायको आजारी होती, असं काहीतरी सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं काही नव्हतं. दुकान ठीक चाललं होतं. मला तो अंक सोडवत नव्हता, एवढंच.

आणि व्हर्नाला तर शब्द दिला होता. सोमवारी दुकान बंद असतं. भर दुपारी मी दाराला कडी लावून बसलो. तिला द्यायला म्हणून जीनच्याच खोक्यातला त्याच सालचा एक प्रेमकथांचा अंक काढला. त्याच्या बहिणीचा असावा, तीन डॉलरचा. मुली, बस, निरोप, अशाच गोष्टी असतात त्यांत. खऱ्या पानाचं भोक त्यावर ठेवून पेन्सिलीने चौकोन आखला आणि पात्याने कापला. आयुष्यात मी कॉमिकला कधी पातं लावलं नव्हतं. हात थरथरला. म्हातारीशी खोटं बोलताना थरथरला नव्हता तो, आणि तीन डॉलरच्या कागदासाठी थरथरला. मला स्वतःची किळस आली. तरी मी काप पुरा केला, आणि कडा नव्या दिसू नयेत म्हणून बोटाने चोळून मळवल्या.

मंगळवारी सकाळी मी तिच्याकडे गेलो. तिथून पुढे क्लीव्हलंडला निघायचं होतं. खरा अंक गाडीत, माझ्या सीटखाली, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये.

"सापडला," मी म्हणालो.

व्हर्नाने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग लगबगीने एप्रन सोडलं, केसांवरून हात फिरवला, जसं काही जीनच दारात आला होता. चौकट भिंतीवरून काढली, सुरीच्या टोकाने मागचे खिळे उचकटले आणि ते चित्र बोटांच्या टोकांवर घेतलं. मी अंक टेबलावर उघडून धरला. तिने चित्र भोकात ठेवलं.

बरोबर बसलं. बसणारच, मी मापाने कापलं होतं.

"बघ की," ती पुटपुटली. "बघ की, जीन."

मला वाटलं झालं. मी घड्याळाकडे बघितलंसुद्धा. तिने माझ्यासाठी पेपरोनी बॉल्सचा डबा भरून ठेवला होता, तो माझ्याकडे सरकवला. मग तिने चित्रावर अंगठा ठेवून ते पान अलगद उलटलं.

कॉमिकचं पान दोन्ही बाजूंनी छापलेलं असतं. तीस वर्षं मी प्रत्येक अंकाच्या दोन्ही बाजू बघत आलोय. त्या चित्राला मागची बाजू आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिने भिंग घेतलं. "ही माझी सायकल," ती म्हणाली. चित्राच्या पाठीवर सायकलचं मागचं चाक होतं आणि अर्धी सीट. "बियांची पाकिटं विका आणि सायकल जिंका, अशी जाहिरात होती ती. जीन म्हणायचा, मागचं चाक तुझ्याकडे, पुढचं माझ्याकडे, लग्न केल्याशिवाय सायकल चालायची नाही." ती हसली. "पुढचं चाक कुठंय रे, लेस? मला नीट दिसत नाही."

भोकाभोवती एका बाईचा गुळगुळीत गाल होता आणि चेहऱ्याला लावायच्या क्रीमची बाटली.

"कधीकधी छापखान्यात पानं इकडची तिकडे होतात," मी म्हणालो.

तिने पान पुन्हा उलटलं, मग मुखपृष्ठ बघितलं. भिंग हळूहळू सरकत होतं. "प्रेमकथा," ती म्हणाली. "हा तर आयरीनचा अंक. त्याच्या बहिणीचा. जीन असलं काही वाचायचा नाही."

"लहानपणी वाचत असेल."

"अरे, तो नाक मुरडायचा असल्या कॉमिक्सना." ती खुर्चीत टेकली. मग हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली, "म्हणजे बहिणीच्या रद्दीतून कापलं आणि मला सांगितलं, माझ्या सगळ्यात आवडत्या अंकातून. सायकलचंही काहीतरी बनवलंच असेल. पंधरा वर्षांचं पोरगं ते, काय बोलावं त्याला!" तिने ते चित्र उचललं, पण चौकटीत घातलं नाही. "छप्पन्न वर्षं भिंतीवर ठेवलं मी हे, लेस. मरेपर्यंत एकदा तरी सांगायचं होतं ना मेल्याने. मी काय रागावले असते?"

तिचे डोळे भरले होते आणि ती मेलेल्या नवऱ्यावर रुसली होती. माझ्यामुळे. मी उठून उभा राहिलो. आता दार उघडून गाडीत बसावं, क्लीव्हलंडला जावं, हे सोपं होतं. तिने डबाही भरून ठेवला होता.

"व्हर्ना, जीन खोटं बोलला नाही," मी म्हणालो. "मी बोललो."

तिला कळलं नाही. मी गाडीत जाऊन तो अंक घेऊन आलो. पुठ्ठे काढले, पिशवी काढली, शेवटून चौथं पान उघडलं आणि तिच्यासमोर ठेवलं. तिने चित्र ठेवलं. बसच्या मागे रस्ता होता, रस्त्याच्या टोकाला आयर्न हेरन उभा होता, लाल केसांची मुलगी त्यालाच हात करत होती. तिने पान उलटलं. सायकल पुरी झाली.

ती बराच वेळ त्या सायकलवरून बोट फिरवत राहिली.

मग मी सगळं सांगितलं. बोटं न थांबवणं, माकडं, पातं, मळवलेल्या कडा, क्लीव्हलंडचा माणूस. काहीही लपवलं नाही. तिने मध्ये एकदाच विचारलं, "भोक नसतं तर कितीचा?"

"साठ हजार."

"साठ हजार!" ती खुदकन हसली, आणि गालावरून पाणी आलं. "म्हणजे माझ्यासाठी साठ हजारांचं भोक पाडलं बघ याने."

"तेव्हा तो बारा सेंटचा होता."

"तेव्हा त्याच्याकडे बाराच सेंट होते," ती म्हणाली, आणि तिचं हसू गेलं.

मी म्हणालो, खोकी परत आणून देतो, सगळी, आजच. नीट किंमत काढून देतो, दुसरा कुणी जाणकार बोलावू.

"खोकी ठेव. भाव ठरलाय. लेस म्हणेल तो भाव, असं जीनने सांगितलं होतं, आणि तू म्हणालास." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. तिने कापलेला प्रेमकथांचा अंक दोन बोटांनी माझ्याकडे ढकलला. "हाही घेऊन जा."

मी दारापर्यंत गेलो तेव्हा तिने हाक मारली. मी इतक्या आशेने वळलो, की त्याची अजून लाज वाटते.

"उद्या बुधवार ना?"

"हो."

"जीनचं पाकीट काढून टाक," व्हर्ना म्हणाली. "तुझ्या दुकानात त्याचं नाव नको."