फिंचचं खोटं नाव

गिरीज गावच्या रिचेलला दहावीत एकच ध्यास लागला होता: विज्ञान प्रदर्शनात आपला ब्राउझर मांडायचा. आपला म्हणजे जगभरच्या हौशी लोकांनी मिळून फुकट लिहिलेला फिंच. त्याचं इंजिनसुद्धा स्वतःचं, म्हणजे कोड वाचून पान रंगवणारा भाग कुणा बड्या कंपनीकडून उसना आणलेला नव्हता. त्यात मराठी जोडाक्षरं फुटायची, ती दुरुस्ती रिचेलने पाठवली आणि चक्क स्वीकारली गेली. तेव्हापासून बाईसाहेब घरात जमिनीपासून वीतभर वरूनच चालायच्या.

प्रदर्शनाची नोंदणी अर्थातच ऑनलाइन. तिने फिंचमधून साइट उघडली. साइटने नम्रपणे कळवलं, की आम्ही फक्त त्या एका सुप्रसिद्ध ब्राउझरमध्येच उघडतो. स्वतंत्र ब्राउझरवरचा प्रकल्प, पण नोंदवायचा मात्र दुसऱ्याच्या घरून. केवढी दूरदृष्टी.

पप्पा, म्हणजे अँथनी, वाडीतली वांगी टोपलीत रचत होते. त्यांनी सुचवलं, की माझ्या फोनवरून भर ना. रिचेलने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी दारची केळी सोडून मॉलमधली आणायला सांगितली होती.

तिला युक्ती माहीत होती. प्रत्येक ब्राउझर साइटच्या दारात आपलं नाव सांगतो. तिने फिंचला त्या सुप्रसिद्धाचं नाव सांगायला लावलं. झालं. तीच साइट, तेच इंजिन, आणि सगळं लख्ख उघडलं. शेजारणीची पत्रिका दाखवून लग्नात घुसावं आणि यजमानांनी आग्रह करकरून वाढावं, तसं.

प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षक जयवंत सर तिच्या टेबलाशी आले. साइट त्यांच्याच देखरेखीखाली बनलेली, तिची आकडेवारी कौतुकाने फोनमध्ये ठेवलेली. मायेने म्हणाले, "बाळ, नोंदणी केलेली सगळी मुलं एकाच ब्राउझरमधून आली बघ. मग हे दुसरं हवंय कुणाला?"

रिचेलने फोनमधला आकडा पाहिला. त्या सगळ्यांत ती होती. दार उघडावं म्हणून नाव बदललं, आणि फिंचच्याच विरुद्ध मत टाकून आली. गप्प बसली तर उत्तेजनार्थ बक्षीस नक्की होतं. बोलली तर बाद.

"सर, त्यातली एक नोंदणी फिंचची आहे," ती म्हणाली. "त्याने तुमच्या साइटला खोटं नाव सांगितलं. मीच सांगायला लावलं."

आणि तिने करूनच दाखवलं. खोटं नाव, दार उघडं. खरं नाव, दार बंद. शेजारच्या टेबलावर ज्वालामुखीत सोडा ओतणारी ऋतिका खुदकन हसली. सरांनी चष्मा पुसला आणि नियम पाहावे लागतील म्हणाले.

नियम फार चटकन सापडले. चुकीच्या माहितीमुळे प्रकल्प बाद. पहिला नंबर ज्वालामुखीला, दरवर्षीप्रमाणे. बाद झालेल्यांनाही सहभागाचं प्रमाणपत्र मिळणार होतं, फक्त ते त्याच साइटवरून उतरवून घ्यायचं.

घरी येऊन रिचेलने फिंचला त्याचं खरं नाव परत दिलं आणि साइट उघडली. दार बंद. तिने पुन्हा उघडली. पुन्हा बंद.

"उघडत नाही तर कशाला दाबत बसलीस?" पप्पांनी विचारलं.

"प्रमाणपत्र कुणाला हवंय, पप्पा? दार बंद असलं तरी कोण येऊन गेलं ते साइट टिपतेच. उद्या सरांच्या आकडेवारीत फिंच दिसला पाहिजे," ती म्हणाली आणि पुन्हा दाबलं.