काचेला विटाळ नसतो

मी एक जुनी तपकिरी बाटली आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. डोंबिवलीच्या या घरातलं मला जे ठाऊक आहे, ते इथल्या थोरामोठ्यांनी बघूनही न बघितल्यासारखं केलं.

भट्टीतला माझा जन्म मला पुसटसा आठवतो. चोपन्न साली ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला विमलाबाईंच्या हातात दिलं. पाळी थांबल्यापासून विमलाबाईंचे फार हाल चालले होते. ऐन पौषात अंगाची लाही व्हायची, झोप उडाली होती, वरण उतू गेलं तरी रडू कोसळायचं. सासूबाई मात्र खूश! बारा महिने सोवळ्यात स्वयंपाक करणारी सून त्यांना आयती मिळाली होती.

माझ्या पोटात हार्मोनच्या गोळ्या होत्या. "तीन आठवडे घ्यायच्या, एक आठवडा थांबायचं. त्या आठवड्यात पाळी येईल, घाबरू नका," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

गोळ्या लागू पडल्या. विमलाबाई शांत झोपू लागल्या, भाजी चिरताना गुणगुणू लागल्या. त्यांचे यजमान, भाऊ, म्हणाले, "अगं, तू तर पहिल्यासारखी झालीस!" माझं कौतुक झालं ते एवढंच.

मग घरात गौरी बसल्या, आणि नेमका तो थांबायचा आठवडा आला. पुरण शिजत होतं. विमलाबाईंना लपवता आलं असतं, पण देवाशी खोटं वागणं त्यांना जमेना. त्या चुलीपासून उठल्या. "सासूबाई, मी बाजूला बसते."

"या वयात? पुरण टाका ते! माझी गौर उपाशी राहिली!"

पाळी गोळ्यांमुळे आली हे ऐकून भाऊंनी मला उचललं.

"अहो, नका ना टाकू. मला झोप लागते हो त्या गोळ्यांनी."

"तुझ्या झोपेपायी कुळाचार बुडवायचा?"

त्यांनी मला मोरीत रिकामं केलं. त्या माणसाचा मला अजून राग येतो.

सासूबाईंनी मला राखेनं घासलं. "घासली की काचेला विटाळ राहत नाही," म्हणाल्या आणि माझ्यात कापूर भरला. तेव्हापासून आज चार वर्षं मी देवघरात आहे. आरतीला विमलाबाईच मला उघडतात आणि क्षणभर आत बघत राहतात. मग पदरानं वारा घेत चुलीकडे जातात.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी थंडीत वारा घेताना दिसली, तर हसू नका. जवळ बसा आणि विचारा, "रात्री झोप लागली का?" या घरात ते अजून कुणी विचारलेलं नाही.