वाढवून घेतलेली घरपट्टी

घरपट्टी कमी करून मागायला लोक महापालिकेच्या झोन ऑफिसात येतात. कुणी गयावया करतं, कुणी पुढाऱ्याचं नाव सांगतं. पण वाढवून मागणारी माणसं तिथल्या कारकून लतिकाबाईंना अलीकडेच दिसू लागली होती. त्या सोमवारी महाल भागातले मधुकरराव आले. बर्डीच्या बाजारातल्या एका कापड दुकानात ते सेल्समन. घर तीन खोल्यांचं, वर टिनाचं शेड. अर्जात मात्र त्यांनी शेडच्या जागी पक्की खोली आणि समोरच्या खोलीत दुकान दाखवलं होतं.

“दुकान कशाचं?” लतिकाबाईंनी विचारलं.

“लिहा ना मॅडम काहीही,” मधुकरराव खाली पाहत म्हणाले. “पोरीची बोलणी सुरू आहे.”

लतिकाबाईंनी अर्ज दाखल करून घेतला. स्थळ आलं की मुलीच्या बापाची ऐपत घरपट्टीवरून जोखायची, अशी रीत त्या दोघांच्या समाजात पडली होती. हुंडा कुणी मागत नाही हो, सगळी शिकलेली माणसं आहेत! ती फक्त लतिकाबाईंना फोन करून आकडा विचारतात, आणि मग काय मागायचं ते त्या आकड्यावरून ठरवतात. लतिकाबाईंना यात कधी वावगं वाटलं नव्हतं. उलट नात्यागोत्यात त्यांना मान होता.

जो स्वतःहून जास्त भरतो, त्याच्या घराची पाहणी करायला कोण जातो? एकोणीसशेची घरपट्टी चौदा हजार झाली. पंधरा दिवसांनी मुलाच्या आईचा, पुष्पलताबाईंचा, फोन आला. लतिकाबाईंनी आकडा वाचून दाखवला.

बोलणीच्या दिवशी मधुकररावांच्या पत्नीनं, गोपिकाबाईंनी, बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला. पाहुणे पोटभर जेवले. मग पुष्पलताबाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं, की मुलाची, धर्मेंद्रची, नोकरी काही पक्की नाही, तेव्हा दुकान त्याच्या नावावर करून द्यावं. दहा तोळे सोनं तर तुम्हाला जड नाहीच. मधुकरराव नुसते मान हलवत राहिले. दुकान नाही म्हणावं तर खोटं उघडं पडत होतं, आहे म्हणावं तर द्यायचं कुठून? त्यांचा घामाघूम चेहरा मुलीला, काजलला, पाहवेना.

“काकू, दुकान नाही आहे,” ती म्हणाली. “तिथं बाबाची स्कूटर उभी राह्यते.”

पाहुणे उठले. आठवडाभरात समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मधुकरराव खोटारडे ठरले. आकडा विचारणाऱ्यांना मात्र कुणी एक शब्द बोललं नाही. संताप येतो तो याचाच. घाबरलेल्या बापाला आपण नावं ठेवतो, आणि ज्यांच्या धाकानं तो खोटं बोलला त्यांना आग्रहानं वाढतो.

मार्च संपला तेव्हा आढावा बैठकीत लतिकाबाईंचं कौतुक झालं. त्यांच्या भागाची वसुली अठरा टक्क्यांनी वाढली होती. वसुली वाढली म्हणजे वस्ती सुधारली, लोकांच्या हातात पैसा खेळू लागला, असं साहेबांनी सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या अठरा टक्क्यांत किती मुलींचे बाप होते, हे लतिकाबाईंना नावानिशी माहीत होतं. त्या पुष्पगुच्छ घेऊन जागेवर बसल्या.

पुढच्या आठवड्यात काजल आली. घरपट्टी पुन्हा पहिल्यासारखी करा, एवढंच तिचं मागणं होतं. लतिकाबाईंनी तिला समजावलं, की वाढलेला आकडा खाली आणायला साहेबांची मंजुरी लागते आणि ते यंदा कुणालाच देत नाहीत. चौदा हजार भरावेच लागतील.

काजलनं शांतपणे ऐकून घेतलं.

“बाबा कामावर जाऊन नाही राहिले,” ती म्हणाली. “घरात कोणाशी बोलत नाही. मॅडम, तुमाले मालूम होतं ना दुकान नाही म्हणून? मंग बाबाले काहून नाही थांबवलं?”

लाजेनं लतिकाबाईंचे कान तापले. काजल गेल्यावरही बराच वेळ त्यांना पुढचा अर्ज हाती घेववेना.

दुपारी त्यांच्या बहिणीचा, सोनिकाचा, फोन आला. दिरासाठी जरीपटका भागातलं एक स्थळ पाहणं चालू होतं. मुलीच्या बापाची घरपट्टी किती, तेवढं तिला हवं होतं.

“मी नाही सांगणार,” लतिकाबाई म्हणाल्या. “तुलेच नाही, यापुढं कोणालेच नाही.”

बहीण रागावेल, भांडेल, काहून म्हणून विचारेल, या तयारीनं त्या फोन घट्ट धरून बसल्या. सोनिका हसली.

“राहू दे ना ताई. आता मोबाइलवरच दिसते साऱ्यांची घरपट्टी. म्या उगीच तुले तरास देला.”