वरदराजची नवी चेन

"हे कोणाचं काम?" आमच्या यांनी वरदराजच्या सायकलीची नवी चेन चिमटीत धरली आणि झुरळ झटकावं तशी सोडली.

वरदराज मान खाली घालून उभा. गुडघा सोललेला, विड्याच्या पानांच्या टोपलीला चिखल. साक्कोट्टै गावाहून येताना जोरात पायडल मारलं, चेन दात्यांवरून सटकली आणि स्वारी टोपलीसकट गटारात.

"तळ्याजवळच्या कृष्णमूर्तीकडे घातली," तो पुटपुटला. "तुम्ही दरवेळीं एक कडी काढून ‘अजून चालेल’ म्हणतां, नरसिंहराव. मज वाटलं, एकदां नवीच घालूं."

"कृष्णमूर्तीकडे! मग पडलास तेव्हां तिकडेच जायचं होतंस. माझ्या ओसरीवर कशाला?"

मी दारातून ऐकत होते. अगं बाई! माझा मामेभाऊ दुपारभर माझ्याशी हसतखिदळत बसायचा, तेव्हा यांनी कधी मान वर केली नाही. आणि सायकलीला परका हात लागला तर हा थयथयाट!

यांचं दुखणं मला ठाऊक होतं. दिवसभर ओसरीवर सायकली दुरुस्त करताना गिऱ्हाइकांशी तमिळ. आपली मराठी बोलायला ओसरीवर एकटा वरदराज. सकाळी कोपऱ्यावर त्याच्या सैल चेनची खडखड आली की हे ओरडायचे, "अगो, कापी ठेव! वरदराज आला." मग दोघांचं हसणं आतपर्यंत यायचं. माझ्या वाट्याला काय, तर सांबारात मीठ कमी आहे. जळायचे मी, चांगली जळायचे.

"हे मागचे दाते बघ," हे जरा निवळून म्हणाले. "मांजराच्या नखांसारखे झालेत. जुनी चेन त्यांच्याबरोबरच झिजली, म्हणून निभावलं. नवी कशी बसेल? चेन, मागचं फ्रीव्हील, पुढचं दातेरी चाक, सगळं एकदम बदलायला हवं."

"अय्यो, मग तुम्ही कां नाही बदललंत?"

"बदललं असतं, तर तूं आला असतास कशाला?"

वरदराज हसला. "सायकलीसाठीं येतो होय मी? वेडे कां काय!"

काल दुपारपर्यंत यांनी सगळं नवं बसवलं. पायडल फिरवून पाहिलं, तर ती खडखडच नाही.

आज सकाळी मी नेहमीसारखी कापी केली, दोन पेल्यांत ओतली. हे रस्त्याकडे पाठ करून एका चाकाच्या तारा आवळत होते, कान मात्र कोपऱ्याकडे. वरदराज आला. ओसरीसमोर हळू झाला, यांची पाठ पाहिली, मग ‘अजून रागावलेत कां?’ अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. मी एक हाक मारली असती तर उतरला असता.

मी मारली नाही. तो गेला.

"आज वरदराज कसा आला नाही?" बऱ्याच वेळानं हे म्हणाले.

"कोण जाणे," मी म्हटलं आणि यांच्या शेजारी बसले. मामेभावापासून बाजारभावापर्यंत सगळं बोलून पाहिलं. हे हूं हूं करत कोपऱ्याकडे बघत राहिले.

दुसरा पेला मीच उचलला. साखर कमी होती. वरदराजला लागते तशी.